खिडकी क्रमांक तीन

एव्हरल्ड टुलक आज परत आलेत.
इस्त्रीचा शर्ट, नखांत काळं ग्रीस.
वॉल्थम पार्क रोडवर ते फ्रीज दुरुस्त करतात,
बेस गिटार कपाटावर, चादरीत गुंडाळलेली.

मी फॉर्म पुढे सरकवते.
गीतकार: नाही.
संगीतकार: "तसं नाही म्हणता येणार."
गायक: ते नुसते हसतात.
चौथा रकाना या फॉर्मला नाही.

शहात्तर साल, ऑगस्ट. स्टुडिओतला पंखा बंद,
कारण पंख्याची घरघर टेपवर यायची.
एका दुपारी अकरा गाणी, गाण्यामागे दहा डॉलर,
अकराव्याचे राहिले ते राहिलेच.
सही?
सिगारेटच्या पाकिटावर केली होती.
साक्षीदार?
ड्रमवाला आणि ऑर्गनवाला, दोघेही मे पेनच्या दफनभूमीत.
"शेजारी-शेजारी नाहीत," ते सांगतात, "मधे एक शिंपी आहे."

काउंटरवर गाऊ द्यायचं नाही, असा नियम आहे.
ते गात नाहीत.
काचेवर दोन बोटं वाजवतात, ओठ मिटून गुणगुणतात,
आणि रांगेतल्या पोराची मान डोलू लागते.
त्याला हे साबणाच्या जाहिरातीमुळे तोंडपाठ.
साबण ओस्लोचा. इथे मिळतसुद्धा नाही.

नातीच्या, तमोयाच्या, वाढदिवसाला त्यांनी चादर सोडली.
अंगणात वाजवलं, कुणीतरी फोनवर टिपलं.
दुसऱ्या दिवशी चित्र होतं, आवाज गेलेला.
खाली एक ओळ:
हा आवाज दुसऱ्याच्या मालकीचा आहे.
केक कापला जातोय, तोंडं हलताहेत,
आणि मधोमध आजोबा
मुक्या तारा छेडताहेत.

"मालकी असू दे त्यांची," ते म्हणतात,
"पण तिसरा सूर ऐकलात? तो तिथे नको होता.
सकाळपासून पोटात काही नव्हतं, बोट घसरलं.
टेप महाग. पुन्हा कोण वाजवू देतंय?
आता सगळे तिथेच घसरतात.
जपानातला एक पोरगा शिकवतो म्हणे,
कसं घसरायचं. आधी सावकाश, मग लयीत.
ती चूक मला कुणी लिहून दिली नव्हती,
कुणी विकतही घेतली नव्हती.
तेवढी लावा माझ्या नावावर."

मी शिक्का उचलते, खाली ठेवते.
फॉर्मच्या तळाशी 'शेरा' असतो, दोन बोटं रुंद.
तिथे लिहिते: तिसरा सूर.
साहेब परत पाठवणार, ठाऊक आहे.

जाताना ते कोपऱ्यातल्या आमच्या फ्रीजला
कान लावून उभे राहतात, डोळे मिटून.
"कॉम्प्रेसर बेसूर झालाय. शुक्रवारी येतो.
याचे पैसे
त्याच दिवशी मिळतात ना?"