पांढरी शाई

प्रिंटरला पांढरी शाई नसते
हे हिल्लेवीला कळलं एकसष्टाव्या वर्षी,
केमियार्वीच्या वाचनालयात,
कागद यंत्रातून कोराच बाहेर आला तेव्हा.
टेबलामागच्या मुलीनं एका पानाचे पैसे घेतले ते घेतलेच.

वीतभर विमान. चाकांच्या जागी दोन होड्या.
खरं होतं तेव्हा तळ्यांवर उतरायचं,
टपाल, इन्सुलिन, मासेमारीची जाळी,
एकदा एक बाळंतीण, नाळ अजून ओली.
अंग गडद निळं.
शेपटीकडची मोठी अक्षरं झाली,
चिकटपट्टी कापून, रंग फवारून.
उरली ती बारकी, पंखाच्या मुळाशी:
इथे पाय देऊ नये.
फिनिश भाषेत हे दोनच शब्दांत होतं,
पण एकेक अक्षर तिळाहून लहान.

एकतीस वर्षं तिनं दात केले, दुसऱ्यांचे.
पांढरा नावाचा रंग तिला ठाऊक नाही.
ठाऊक आहे तो कॉफीवाल्याचा पांढरा,
पाइप ओढणाऱ्याचा,
पोरांच्या दुधाच्या दातांचा निळसर,
आणि हिरडीपाशी, मध सांडून पुसल्यासारखा.
फार पांढरा दात खोटं बोलतो,
पहिली कवळी परत करताना म्हातारा लिंडरोस म्हणाला होता.

आधी ब्रश. तीन केसांचा.
ताकात बुडालेली माशी चालत गेली जणू.
मग भावाच्या डब्यातली घासून उमटवायची अक्षरं,
जुनी, सुकलेली:
अर्धं अक्षर पंखावर, अर्धं नखावर.
मग रात्री तीनला, उठून पाणी पिताना,
ध्यानात आलं, की अक्षरं छापायचीच नाहीत.
पांढऱ्या कागदावर छापायचं
ते अक्षरांभोवतीचं निळं सगळं.
अक्षर म्हणजे शाई जिथं गेली नाही
ती जागा.

आता निळं जुळेना.
चौदा निळे छापले. वाचनालयातल्या मुलीनं पैसे घेणं सोडलं.
डिसेंबरात तिथं उजेड येतो पाहुण्यासारखा,
कोट न काढता.
तेवढ्यात खिडकीशी धरून,
डोळे किलकिले करून, दाताला दात लावावा तसा
अकरावा निवडला.

फोटोत मात्र एक अक्षर तिरपं आहे.
खऱ्या पंखावर ते तौनोनं रंगवलं होतं,
तिच्या भावानं, उणे अठ्ठावीसमध्ये,
हातमोजा दातांत धरून.
सगळी सरळ, एक 'त' तेवढा कललेला,
वारा लागलेल्या खांबासारखा.
इल्मारी म्हणाला, आत्या, ते सरळ कर ना,
कॉम्प्युटर आपोआप करतो.

तौनो त-वर अडखळायचा.
दुकानात, चर्चमध्ये, फोनवर,
स्वतःचं नाव सांगताना तर हमखास.
जीभ दातांमागे जाऊन बसायची
आणि बाहेर यायला वेळ घ्यायची.
लोक थांबायचे. काही नाही थांबायचे.
हिल्लेवी त्याच्याआधी नाव सांगून टाकायची,
लहानपणी, मदत म्हणून.
त्यानं कधी तक्रार केली नाही.
तिनं विचारलंही नाही.

तिनं पातं नवं लावलं.
ओळीतून तेवढं एक अक्षर कापून वेगळं केलं,
कोमट पाण्यात सोडलं,
कागदावरून सुटेपर्यंत वाट पाहिली.
घाई केली नाही.
मग ओल्या ब्रशच्या टोकानं
पंखावर सरकवलं, कलतं केलं,
जास्त झालं, परत आणलं,
श्वास धरून पुन्हा.
कापल्या कडेला केसभर पांढरं दिसतं अजून.
भिंगातून. नुसत्या डोळ्यांना नाही.

रविवारी इल्मारी आला.
बुटांचा बर्फ झटकला, वा म्हणाला,
आणि विमान उचललं,
अंगठा नेमका
तिथंच टेकवून.