नेहमीचाच

जिन्याखालच्या कपाटात, व्हॅक्यूमच्या नळीखाली
सापडला एकदाचा.
चार्जर वेगळ्या पिशवीत, वायर नीट गुंडाळून वर रबरबँड.
म्हणजे परत यायचं ठरवूनच ठेवला होता मी.

हलमधला नोव्हेंबर. चार वाजता दिवे लावायचे.
पेन्शनच्या कचेरीचं पत्र आलंय:
तुमची दोन वर्षं आमच्याकडे सापडत नाहीत.
मलाही नाहीत, पण तसं लिहायची सोय नाही फॉर्मवर.
त्या काळातल्या पगाराच्या स्लिपा असल्यास पाठवाव्यात.

पंखा घरघरला. निळा पडदा.
चौकटीत केशरी फूल, खाली माझं नाव, हेमांगी,
आणि एक रिकामी पट्टी.
तिच्यात उभी रेघ उघडझाप करत
वाट बघतेय, कितीही वेळ.

आधी शाळेचं नाव घातलं.
मग अ‍ॅनलबी रोडवरच्या खोलीचा पोस्टकोड,
घरमालकीण मिसेस थर्लोच्या मांजराचं नाव,
दोन्ही स्पेलिंगांनी.
मग, आता लपवायचं काय, हर्षदचं नाव,
त्याची जन्मतारीख,
मोठा एच, छोटा एच.
नाही उघडलं ते बरंच झालं.

प्रत्येक चुकीनंतर पट्टीखाली एक ओळ उमटायची,
मीच कधीतरी माझ्यासाठी ठेवलेली खूण:
नेहमीचाच.

नेहमीचाच!
किती खात्री बाईला.
जणू हीच खोली, हीच रात्रपाळी,
इन्फर्मरीच्या दारातली हीच शेवटची बस,
जणू परत येईल ती तीच असेल.
आई पदराला गाठ मारायची, विसरू नये म्हणून.
तशी ही गाठ माझ्या हातात आहे, घट्ट.
कशासाठी मारली, तेवढं नाही.

स्प्रिंग बँकवर कारवानचं दुकान.
तडकलेले फोन, कव्हरं, शेजारून ताज्या नानचा वास.
त्यानं मशीन पालथं घातलं, स्क्रू काढू लागला.
"पासवर्ड कशाला हवा? दार राहू दे,
भिंतीतून जाऊ. तीस पौंड, वीस मिनिटं."
मग पासवर्ड काय होता, ते कळेल?
"ते नाही कळणार. ते मशीनलाही माहीत नसतं.
तुम्ही टाकलेला बरोबर की चूक,
तेवढंच कळतं त्याला."

वीस मिनिटं बाहेरच्या थंडीत उभी राहिले,
आपल्याच घरात शिरायला
माणूस लावून.

स्लिपा मिळाल्या. चोवीसच्या चोवीस.
रात्रपाळीचे भत्ते, कापलेला कर, सगळं जागच्या जागी.
आणि त्यांच्या शेजारी एक बिननावाची फाईल:

बल्ब, दोन
बॉयलरवाल्याला फोन
धनेपूड
शनिवारची सुट्टी मागणे
आईला सांगायचं नाही

काय?
काय सांगायचं नव्हतं आईला?
तारीख आहे, वार आहे,
त्या महिन्याची स्लिपही आहे, नऊ रात्री जागलेय मी.
इतकं नीट लपवलं
की मलाच दिसेना.
आई असती तर तिलाच विचारलं असतं.
मी काय दडवतेय, ते तिला माझ्याआधी कळायचं.

कचेरीचं उत्तर आलं. वर्षं मिळाली, नोंद पूर्ण झाली,
गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.
पेनड्राइव्ह कागदपत्रांच्या डब्यात.
मशीन परत जिन्याखाली, वायर गुंडाळून, रबरबँड लावून.

तरी कधी भांडी घासताना
साबणाच्या पाण्यात बोटं थबकतात.
आठ अक्षरं असावीत. मध्ये कुठेतरी आकडा.
आणि शेवटी बहुतेक

हात पुसून जाते.
पंखा. केशरी फूल. उभी रेघ.
चूक, सांगतं मशीन,
आणि ती खालून, न कंटाळता:
नेहमीचाच.