अंगठा हलव

ओहोटीला फेरीबोटीचा रॅम्प जरा जास्तच उतरतो,
हे चोडणात शेंबड्या पोरालाही ठाऊक.
साईशला ठाऊक नव्हतं असं नाही.
पण गाडी नवी, दोनच सीटा, छप्पर माझ्या कमरेच्या किंचित वर,
आणि रायबंदरच्या धक्क्यावर बघणारे वीस-पंचवीस जण.
खरररर असा आवाज झाला.
माणसं हसली नाहीत, तेच वाईट.

सकाळी खळ्यात तेलाचा डाग, आंबोळीएवढा.
मेकॅनिक नदीपलीकडे, त्याला सोमवारशिवाय सवड नाही.
"दहा मिनिटांचं काम गं ताई," साईश म्हणाला
आणि कुंपणाचे दोन चिरे उचलून घेऊन आला.

ठेव ते परत.
चिऱ्यांवर घर उभं राहतं, कारण घर हलत नाही.
गाडीखालचा चिरा आधी काही सांगत नाही,
कण्हत नाही,
एकदम भुगा होतो.
बांबोळीला हाडांच्या वॉर्डात मी अकरा वर्षं रात्रपाळी केली आहे.
नावं विचारू नकोस.

जॅक आत जाईना.
मांजर गेली, पोट जमिनीला घासत, पण गेली;
जॅक बंपरलाच अडला.
तेव्हा मिंगेलने मानशीच्या जुन्या फळ्या आणल्या,
तीस वर्षं खाऱ्या पाण्याला अडवून काळ्या पडलेल्या,
एकेक उचलायला दोन माणसं.
एकीवर एक ठेवल्या, पायरी सोडून.
इंजिन सुरू करायचं नाही. ढकला.
तिघांनी ढकलली, पुढची चाकं चढली,
गाडीच्या पोटाखाली चार बोटं उजेड आला.

हँडब्रेक. पहिला गिअर.
मागच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके.
खाली सिमेंट, आई भात वाळवते ते;
पलीकडची लाल माती वरून कडक, आत लोणी.
साईश गाडीचं पुस्तक छातीवर घेऊन आडवा झाला,
पुढचा जाड आडवा पट्टा शोधत.
तिथंच जॅक, मध्ये रबराची चकती.
तेलाच्या टाकीला नव्हे, ती आधीच दुखावली आहे.

जॅकने गाडी चढते.
जॅकवर गाडी राहत नाही.
दोन स्टँड, कडेच्या खाचांखाली, खिट्ट्या नीट बसलेल्या,
त्यांच्यावर गाडी सोडली, इतकी सावकाश
की मिंगेलची विडी संपली.
जॅक काढला नाही, नुसता टेकवून ठेवला,
सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा:
काम काही नाही, पण असू दे.

मग मी ओढणी कमरेला बांधली
आणि गाडी दोन्ही हातांनी गदगदा हलवली.
"ताई, रंग!"
आत्ता पडली तर रंगच जाईल, मी म्हटलं.
पडली नाही.
तरी एक स्टेपनी आडवी सरकवलीच आत,
माझ्या समाधानासाठी.

आता साईश आत, बाहेर फक्त पाय.
मी टॉर्च धरून.
स्पॅनरचा आवाज, एक शिवी, पुन्हा स्पॅनर,
मग काहीच नाही.
माडावर कावळा, मानशीकडे पाण्याची खळखळ,
आणि आतून काहीच नाही.

मी वाकले आणि त्याच्या पायाचं नख दाबलं.
पांढरं झालं. सोडलं, गुलाबी झालं.
"अंगठा हलव."
"काय?"
"अंगठा हलव रे."
हलला.
मग मुद्दाम पाचही बोटं हलवली, नाचवली,
लहानपणी पेजेच्या ताटापुढे हलवायचा तशी.

टाकीला ओरखडा, भोक नाही.
बोल्ट ढिला झालेला, वायसर चेपलेला.
मिंगेलच्या डब्यात तांब्याचा एक निघाला.
गाडी खाली उतरवली तेव्हा भरतीची फेरी सुटत होती
आणि आई भात घेऊन जागेसाठी ताटकळत उभी.

फळ्या मिंगेल परत नेत होता.
मी म्हटलं, राहू देत त्या,
ओहोटी उद्याही येणार आहे.
साईशने गाडीची डिकी उघडून पाहिली.
तिच्यात एक पपईसुद्धा मावत नाही.