हातचा

मार्चचा पहिला मंगळवार. शाळेच्या व्यायामशाळेत
बास्केटबॉलच्या रेघांवर घडीच्या खुर्च्या.
बुटांबरोबर आत आलेल्या बर्फाचं
खुर्च्यांखाली सावकाश पाणी होतंय.
मी एल्डन फॉल्सची नगर-कारकून,
सव्वीस वर्षं इतिवृत्त लिहिते.

आधी राजधानीचं पत्र वाचून दाखवलं.
राज्याचा अर्थसंकल्प यंदाही समतोल.
करात एका सेंटचीही वाढ नाही.
खाली निळ्या शाईतली सही, छापलेली.
दुसऱ्या पानाच्या तळाशी
मुंगीएवढ्या अक्षरांत:
नगरांचं रस्ते-अनुदान तूर्तास कमी.
तूर्तास हा शब्द मी पूर्वीही लिहिलाय.
तेव्हा माझे केस काळे होते.

शाळेत बाई शिकवायच्या,
नऊच्या वर गेलं की एक हातचा घ्यायचा
आणि शेजारच्या घरात मांडायचा.
राजधानीनं काही वेगळं केलं नाही.
जे आपल्या घरात मावेना
ते शेजारच्या घरात मांडलं.
घरं आमची. सहाशे बारा.

मर्ल स्टॅनर्ड उठला, बर्फ हटवणाऱ्या ट्रकचा चालक.
म्हणाला, पायाखालचा पत्रा इतका खाल्लाय गंजानं
की बसल्या जागेवरून रस्ता दिसतो.
लोक हसले. तो हसला नाही.
नवा ट्रक: दोन लाख दहा हजार.
हसू तिथेच बसलं.

ओडील थिबोदो वाचनालय बघते.
ती कमी बोलली. गुरुवारची संध्याकाळ बंद करा, म्हणाली,
गुरुवारी तिघंच येतात.
मग जरा थांबून,
तिघांचीही नावं सांगितली.

म्हाताऱ्या हेस्टर लूमिसला कळत नव्हतं
तिच्या घराची किंमत कुणी वाढवली.
छप्पर तेच. गळतं तेही तिथेच.
तळ्याकाठी शहरातल्यांनी घरं घेतली,
वर्षातून दहा शनिवार दिवे लागतात,
आणि त्या दिव्यांचा भाव
हिच्या गळक्या छपरावर चढतो.
ती विचारत होती, हे विकायचं नसेल तर?
कोणत्या रकान्यात लिहायचं?

आमचे आमदार आले होते.
भोपळ्याच्या पाईचे दोन तुकडे खाल्ले,
आपल्यालाही वाईट वाटतं म्हणाले,
आणि मतदानाआधी निघाले, पुढे अजून एक गाव होतं.
हे इतिवृत्तात नाही. पाईचं तर नाहीच.

मग खर्चाच्या यादीवर कात्री.
दात कोरून पोट भरत नाही हे ठाऊक असूनही
आम्ही तीन तास दात कोरले.
ध्वजाचा दोर. पुलावरचा दुसरा दिवा.
दफनभूमीतली गवतकापणी, चारशे डॉलर.
त्यावर आल्फॉन्स रुएल म्हणाला, काढून टाका.
कुणी मान वर केली नाही.
त्याची बायको तिथे आहे, ऑगस्टपासून.
यंत्र आहे माझ्याकडे, म्हणाला,
नाहीतरी रविवारी जातोच.
सूचना कुणी मांडली, अनुमोदन कुणी दिलं
सगळं लिहिलं मी. त्याचा आवाज
लिहायला रकाना नव्हता.

शेवटी दर हजारी एक डॉलर बारा सेंट वाढ.
बाजूनं असतील त्यांनी हात वर करा.
मी मोजले. चौऱ्याण्णव.
विरोधात एक्क्याऐंशी.
घरी येऊन, बूट काढताना लक्षात आलं,
मोजण्याच्या नादात माझा हात वर झालाच नाही,
ना इकडे, ना तिकडे.
झाला असता तरी कुठे झाला असता
हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आज बुधवार. दफनभूमीवर दोन फूट बर्फ आहे,
गवत यायला मे उजाडेल.
रुएलच्या गॅरेजचं दार अर्धं उघडं,
आत तो पात्याला धार लावतोय.