लाकडी पास

सामान लावताना कोटाच्या खिशात सापडला
खोली एकशे चौदाचा लाकडी पास.
व्होबोरिल सरांनी मोडक्या बेसबॉल बॅटीतून कापलेला,
वीतभर, कडा हातांनी गुळगुळीत झालेल्या.
तो मुठीत असल्याशिवाय
हायस्कूलची चार वर्षं मला
पाणीसुद्धा प्यायला जाता आलं नाही.

सात चाळीसची घंटा. आठ सत्तावीसची घंटा.
मधे चार मिनिटं:
कपाट उघड, कपाट आपट,
बीजगणिताकडून धावत इतिहासाकडे.
जेवण दहा बावन्नला, भूक असो नसो.
दिवस कुणीतरी आधीच चावून ठेवलेला,
आम्ही नुसता गिळायचा.

इथे लिंकनला
मंगळवारी माझा पहिला तास दुपारी दोनला,
शुक्रवारी एकही नाही.
सल्लागार बाईंनी यादी पुढे सरकवली,
"यातलं काय हवंय?"
हिमनद्या, पोर्तुगीज, मधमाश्या, कर्जाचा इतिहास.
असं मला आजवर फक्त
आइसक्रीमच्या गाडीवाल्यानं विचारलेलं.
मधमाश्या, म्हटलं मी,
आणि कान तापले, काही उचलून खिशात घातल्यासारखे.

पहिल्याच आठवड्यात, रसायनशास्त्राच्या तासाला,
तीनशे जणांत मी हात वर केला.
प्राध्यापिका थांबल्या. "हं, विचार."
"बाथरूमला जाऊ?"
कुणी हसलं नाही, तेच वाईट.
"दार तिकडे आहे," त्या म्हणाल्या,
इतक्या हळू,
की मला दार ठाऊकच नसावं.
नव्हतंच.

अकराला बाबांना फोन लावला.
मांसाच्या कारखान्यात त्यांची वीस मिनिटांची सुट्टी,
मागे पट्ट्याची घरघर.
"मार्लिस? बरं नाही का तुला?"
"बरी आहे. रिकामी आहे."
"मंगळवारी? अकराला?"
"हो, अकराला."
बराच वेळ घरघरच.
मग म्हणाले, "कुणाला सांगू नकोस,"
हसले, पण भोंग्यानं ते मधेच तोडलं.

ऑक्टोबरात तापानं नऊ दिवस पडून होते.
गावी असते तर सव्वाआठच्या आत
ऑफिसातल्या हृश्का बाईंचा घरी फोन:
मुलगी दिसली नाही आज.
तेव्हा किती राग यायचा त्या बाईचा!
नऊ दिवस मी फोन उशाशी ठेवला.
दहाव्या दिवशी वर्गात गेले तर
माझ्या खुर्चीवर कुणाचातरी कोट.
त्यानं तो उचलला, न बघता.

त्या दिवशी थॉर्नबरी सर सांगत होते,
ज्या फुलात मध दहाला येतो
तिथे माशी दहालाच पोचते.
घंटा देतं कोण तिला?
मी वहीत लिहून घेतलं. खाली रेघ ओढली.
परीक्षेला आलं नाही ते.

पास आता खिडकीच्या फटीत आहे,
तिची काच वर ठरत नाही म्हणून.
तिथून थंडी येते, सायकलींचे आवाज येतात.
सात चाळीसला अजून आपोआप जाग येते मला.
उठते.
कुठेच जायचं नसतं.
पलंगाच्या कडेवर बसून
एक मोजा घालते,
आणि दुसरा
बराच वेळ हातातच.