जामीन

कायानीत, जिथे कागदाची गिरणी होती,
तिथे आता यंत्रांची रांग गुणगुणते,
आणि तिच्या अंगची ऊब पाइपांतून
गावातल्या न्हाणीघरांपर्यंत जाते.
रात्रीचे दोन. बाहेर उणे एकतीस.
आइला कार्पिनेन कंपायलरचा अहवाल वाचते आहे.

ओळ ४१२: लूप समांतर केला नाही.
कारण: अवलंबन असू शकेल.

असू शकेल.
आहे असं तो म्हणत नाही,
नाही असंही नाही.
दुधाने कधी तोंड पोळलं कोण जाणे,
हा ताकही फुंकून पितो,
आणि हजारो कोर हात बांधून उभे,
एकटा एकजण अख्खं तळं मोजतोय तोवर.

कोड वेइयोचा. सत्त्याऐंशी सालचा, फोरट्रान,
तळ्यावरच्या बर्फाची जाडी काढणारा.
कुठल्या चौकोनात काय मिळवायचं
त्याची अकरा हजार नोंदींची यादी
त्याने हाताने केलेली.
वेइयोला जाऊन नऊ वर्षं झाली.
कॉमेंट एकच: यादी बघून घ्या.
बोलायचाही असाच.

कंपायलरला यादी दिसत नाही.
यादी आहे, एवढंच दिसतं;
आत काय, ते चालवल्यावर कळणार.
एकच आकडा दोनदा आला तर?
दोघांनी एका वहीत एकाच ओळीवर लिहिलं
आणि मागाहून लिहिणाऱ्याचंच उरलं तर?

यावर तोड आहे. लूपच्या डोक्यावर एक ओळ:
हे स्वतंत्र आहेत, मी सांगते.
मग तो विचारत नाही. पडताळतही नाही.
तुम्ही जामीन राहिलात, त्याचं काम संपलं.

आइलाने ती ओळ लिहिली.
अडतीस मिनिटांचं काम पन्नास सेकंदांत.
कॉफीची वाफसुद्धा विरली नव्हती.

पुन्हा चालवलं, उगीच.
एका ठिकाणी बर्फ बेचाळीस सेंटिमीटर.
पुन्हा. एकोणतीस.
पुन्हा. बेचाळीस.
सकाळी सहाला दुधाचा पहिला ट्रक
तळ्यावरून जायचा होता.

तेव्हा तिने यादी उघडली,
आकडे चढत्या क्रमाने लावले
आणि बोट ठेवून खाली येत गेली.
७३०५.
७३०६.
७३०६.

नकाशात ते नदीचं तोंड.
एकदा तळ्याच्या बाजूने, एकदा नदीच्या,
वेइयोने दोनदा हिशेब धरला होता मुद्दाम.
उन्हाळ्यात तो तिथेच जाळं टाकायचा.

तिने जामीनकी मागे घेतली.
त्या दोन नोंदी बाहेर काढल्या:
शेवटी, एकामागून एक, सावकाश.
उरलेल्या दहा हजार नऊशे अठ्ठ्याण्णवांसाठी
पुन्हा सही केली, या वेळी मोजून.

ओळ ४१२: लूप समांतर केला.
ओळ ४१९: केला नाही.
कारण: अवलंबन असू शकेल.

"आहे," ती पडद्याला म्हणाली,
आणि कोट शोधू लागली.