शेऱ्याचा रकाना

तिसऱ्या कपाटात, खालून दुसऱ्या खणात
सव्वीस वर्षं मी त्याच्या डांबरगोळ्या बदलते आहे.
पाठीवर निजलेला. पाय एकमेकांवर, दोऱ्याने बांधलेले.
डोळ्यांच्या जागी कापूस.
दहाची दोन नाणी तळहातावर घ्या,
जिवंतपणी तेवढा भरला असेल.

पायातल्या चिठ्ठीवर कुणाची तरी शाई,
आता चहाच्या डागासारखी:
नर. बेटाचं नाव, जे मला कधीच नीट म्हणता आलं नाही.
उंची सहा हजार फूट. ढगातलं जंगल.
आणि शेवटी,
आवाज : माहीत नाही.

कर्वे रस्त्यावरून पीएमटीचा ब्रेक तेवढा आत ऐकू येतो.
पोरं येतात ती धनेशाच्या चोचीपाशी फोटो काढायला.
सप्रे मॅडम म्हणायच्या, इंदुबाई, हा नुसता तपकिरी.
असेल. पण ती शेवटची ओळ
मला दर खेपेला नखात कुसळ जावं तशी लागायची.
आमच्या मुळशीच्या ओढ्यावर कस्तुर शीळ घालतो,
त्याला नाव तरी आहे.
याला मराठीत कुणी हाकच मारलेली नाही.

काल ओवेस तांबोळीने पाठवलं.
आमच्याच खात्यातला पोरगा, आता तिकडे डोंगरावर,
पायांना जळवा, खिशात परतीच्या बोटीपुरते पैसे.
अकरा सेकंद आहेत, मावशी. नऊ दिवस बसलो.

दार लोटलं. पंखा बंद केला.
आधी पानांवरून गळणारं पाणी.
मग खोकला, ओवेसचाच,
गार हवा त्याला कधी सोसली नाही.
मग तीन सूर.
तिसरा जरा खाली घसरलेला,
जिन्यातून कुणी घरात हाक मारावी
आणि अर्ध्यावर आठवावं
की आता वर कुणी राहत नाही.

एवढंच.

पुन्हा लावलं. मग, सांगायला लाज वाटते,
खण ओढून मोबाइल त्याच्या डोक्याशी धरला.
कापूस हलला नाही. हलायचं कारणच काय.
जाळीवरचा रोजचा बुलबुल मात्र बोलता बोलता थांबला,
का त्याचं आधीच आटपलं होतं, कोण जाणे.

चिठ्ठीवर खाडाखोड करायची नाही, असा नियम आहे.
म्हणून रजिस्टर काढलं.
तारीख. खण क्रमांक. डांबरगोळ्या, चार.
आणि शेऱ्याच्या रकान्यात,
जिथे इतकी वर्षं मी नुसती आडवी रेघ ओढली,
लिहिलं :
आवाज ऐकवला.